आईचं कडक सोवळं

आमच्या आळीत आईच्या सोवळ्याचा दबदबा होता. चिंचवडला तेव्हा सोवळं पाळणाऱ्या बायकांची काही वाण नव्हती. ओलेत्याने पाणी भरणाऱ्या, वलणीवरचं लुगडं काठीने काढणाऱ्या आणि वाटेत एखादं पोर आडवं आलं की किंचाळणाऱ्या बायका घरोघरी होत्या. पण त्या सगळ्या आईपुढे हात टेकायच्या. "तुमच्यासारखं कडक आम्हाला नाही हो जमायचं," असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि त्यात चांगलाच हेवा असायचा. देवळात उत्सव असला की नैवेद्याच्या स्वयंपाकाचं पहिलं बोलावणं आमच्या घरी यायचं. बाबा शाळेत मास्तर होते. वरवर ते "बायकांचं आपलं काहीतरी" म्हणायचे, पण आतून फुलून जायचे.

मी धाकटी. मॅट्रिकचं वर्ष होतं, आणि माझ्या जिभेला हाड नाही यावर घरात एकमत होतं. मला त्या सोवळ्याचं कौतुक असण्याचं काही कारणच नव्हतं, कारण त्याला लागणारं सगळं पाणी आडावरून मी ओढत होते. दोन्ही हातांना घट्टे पडले होते. माझ्या वयाच्या मुली घाटावर बसून गप्पा मारायच्या आणि मी पोहऱ्याशी कुस्ती खेळायची.

आईचं हात धुणं हा एक कार्यक्रमच असायचा. ती मोरीत पाटावर बसायची. आधी राख, मग शिकेकाई, मग नुसतं पाणी, आणि मग पुन्हा राख. धुताना ओठ हलत असायचे. आम्ही समजायचो, काहीतरी स्तोत्र चाललंय. मध्येच कोणी बोललं की तिचं बिनसायचं आणि ती पहिल्यापासून सुरू करायची. त्यामुळे आई मोरीत असली की सगळं घर मुकं व्हायचं. बाबांना शाळेत निघण्याआधी चहा हवा असायचा. मग ते माझ्याकडे बघून हवेतच बशी तोंडाला लावायची खूण करायचे, मी मोरीकडे बोट दाखवायची, आणि ते घड्याळाकडे बोट दाखवायचे. वर्गातल्या पोरांना छडीने वाकवणारा माणूस घरात असा मुक्याने चहा मागायचा, याची मला भारी गंमत वाटायची.

ही शिस्त एका माणसाला मात्र लागू नव्हती. नदीपलीकडून दूध घेऊन येणारी बाई. ती दारातूनच हाळी द्यायची, "वैनी, दूध आणलंय, भांडं द्या वो!" की मोरीतून आईचा हताश सुस्कारा ऐकू यायचा आणि राखेचं मडकं पुन्हा पुढे ओढलं जायचं. जरा वेळाने दुसरी हाळी, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती बाई कंटाळून चरवी खाली ठेवायची आणि पायरीवर फतकल मारायची. "व्हऊ द्या तुमचं. आमी हाय हितंच," म्हणायची. मग मला हळूच विचारायची, "पोरी, माझी म्हस बी येवढं पानी पीत न्हाई गं. काय धुत्यात काय तुजी आई?"

"हात," मी म्हणायची.

"व्हय? आन् कशानं बरबटल्यात येवढे?"

मी हसायची आणि भांडं आणायला आत पळायची.

कल्हईवाल्याचाही आमच्या घरावर फार लोभ होता. पितळेच्या भांड्यांची कल्हई गेली की त्यात आंबट कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण लोक कल्हई उडेपर्यंत तरी थांबतात. आमच्याकडे कल्हई लख्ख असतानाच आई भांडं उजेडात धरून, फिरवून फिरवून बघायची आणि म्हणायची, "इथे जरा गेल्यासारखी वाटते का गं?" मी नाही म्हटलं की पुन्हा विचारायची. तिसऱ्यांदा विचारलं की मी वैतागून "हो, गेली!" म्हणायची, आणि मग कल्हईवाला भाता घेऊन आमच्या अंगणात बसायचा. साऱ्या चिंचवडात एवढं टापटिपीचं घर दुसरं नाही, असं तो सगळीकडे सांगत फिरायचा.

आता कळतं की हे सगळं आमच्या नाकासमोर चाललं होतं. तिच्या हातांना चिरा पडल्या होत्या. ती कोकमतेल लावायची आणि घटकाभरात तेही धुऊन टाकायची. भाकरी थापताना चिरा उलून रक्त यायचं. पण काकू तो हात हातात न घेता, लांबूनच नमस्कार करून म्हणायच्या, "केवढं तप म्हणायचं हे!" एखादी बाई रस्त्यात दगड मारत सुटली असती तर आळीने तिला ताबडतोब वेडी ठरवलं असतं. एखादी रडत बसली असती तर अंगारा आणला असता. पण ज्या आजाराचा आळीत मान होता तो आजार आहे, हे कोणाच्या डोक्यात शिरणार?

ते शिरलं पिंपरीच्या कारखान्यामुळे. पिंपरीला नवा औषधाचा कारखाना उभा राहिला होता आणि त्यात दादाला नोकरी लागली होती. शेतांच्या मधोमध ती एवढी मोठी पांढरी इमारत, आणि आत सायबांपासून शिपायांपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्याने फिरतायत, असं दादा सांगायचा. त्याचं खातं बाटल्यांत औषध भरायचं. रोज जेवताना तो नवंनवं वर्णन करायचा. तिथे बाहेरचे कपडे चालत नाहीत, धुतलेले पांढरे घालायचे. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. कोपरापर्यंत हात घासायचे आणि मग कशाला म्हणून शिवायचं नाही, दारसुद्धा खांद्याने ढकलायचं.

"म्हणजे सोवळंच की!" मी म्हणाले.

"आईलाही लाजवेल असं," दादा म्हणाला.

आई वाढत होती. दादाच्या नोकरीबद्दल तिने आजवर पगाराचा दिवस सोडून काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती हातात पळी घेऊन थबकली.

"कशाने धुता रे तिथे?"

"साबणाने. मग कसल्याशा औषधाच्या पाण्याने."

"आणि पुरे झालं हे कोण सांगतं?"

"सुपरवायझर उभा असतो की. तो म्हणतो, झालं, चला आत."

"तो म्हणाला की तुला पटतं?"

दादा हसला. "पटतं म्हणजे? झालं म्हणजे झालं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. एखाद्याने आपण समुद्र पोहून आलो असं सहज सांगावं, तसं काहीतरी तिला वाटलं असणार. मग ती अगदी हळू म्हणाली, "मला कोणी म्हणालं ना, तरी पटत नाही रे." आणि पळी ठेवून मोरीत गेली.

मी सवयीने काहीतरी चुरचुरीत बोलायला तोंड उघडलं होतं, पण दादाचा चेहरा बघून मिटलं. त्याचा घास हातातच राहिला होता. आईने सोवळ्याबद्दल कधी तक्रार केलेली आम्ही ऐकली नव्हती. आणि ही तक्रार होती. पाणी ओढून ओढून मी कंटाळले होते, पण माझ्यापेक्षा ती कंटाळली असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

एका रविवारी दादाने कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चहाला बोलावलं. चहासाठी नव्हे, हे मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं, त्यामुळे ते डॉक्टरांना शाळेच्या निकालाबद्दल सांगत होते. डॉक्टरांचं अर्धं लक्ष मोरीकडे होतं. आई बाहेर आली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि तिच्याशी बराच वेळ साधंच काहीबाही बोलले. झोप लागते का, धुऊन आल्यावर बरं वाटतं का. आई "देवाची कृपा आहे" एवढंच म्हणाली, पण म्हणताना पदराखाली हात लपवले.

निघताना ओट्यावर डॉक्टर बाबांना म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. याला सोवळं म्हणणं आता सोडा. सोवळं पाळणाऱ्या बाईला ते पाळून झालं की समाधान मिळतं. यांना ते एकदा तरी मिळालेलं तुम्ही पाहिलंय का?"

बाबा भडकले. "माझी बायको वेडी आहे म्हणता?"

"वेडी नाहीत. आपण अती करतोय हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. थांबता येत नाहीये. मनाला होणारा आजार आहे तो."

"मग औषध द्या!"

डॉक्टर कसनुसं हसले. "एवढा मोठा औषधाचा कारखाना आहे आमचा, पण त्यात यावर काही निघत नाही. चिडू नका, हात धरून ओढू नका. आणि आळी वाहवा करते त्यात तुम्ही भर घालू नका, एवढं मला सांगता येईल."

बाबा कितीतरी दिवस दादाशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला समजत होता. आमच्याकडे मनाचा आजार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एकदम येरवड्याचं वेड्यांचं इस्पितळच यायचं, आणि थोरल्या ताईच्या सासरी हे कळलं तर काय, ही भीती तर होतीच. शिवाय ज्या गोष्टीचा आपण इतकी वर्षं अभिमान बाळगला ती दुखणं निघावी, हे पचायला जड जातं. पण एक खरं. त्यानंतर काकू "केवढं तप" म्हणाल्या की बाबा उठून आत जायचे.

ताई पहिल्या बाळंतपणाला चाकणहून आली ती याच सुमाराला. ती आली आणि घर जरा हललं. माझ्यासारखीच तोंडाळ, पण माझ्यापेक्षा देखणी, त्यामुळे तिला सगळं माफ. आईने तिचे सगळे डोहाळे पुरवले. डॉक्टर बोलले ते ताईला कळू द्यायचं नाही असं दादाने आणि मी ठरवलं. दिवस भरत आलेल्या पोरीच्या डोक्याला कशाला ताप, असा आमचा शहाणपणा. पण ताईचे दिवस भरत गेले तसं आईचं मोरीतलं बसणं वाढत गेलं. मी पाणी ओढायची आणि गप्प बसायची, आणि गप्प बसणं मला पाणी ओढण्यापेक्षा अवघड जात होतं.

मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, रडायला लागली की दूधवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजाची. आमच्याकडे बाळंतिणीला दहा दिवस शिवायचं नाही असा रिवाज होता. तिचं सगळं करायला सुईण यायची आणि विटाळ झाला तरी चालेल असं घरातलं माणूस म्हणजे मी. एरवी घरोघरी पहिल्या नातवंडाच्या वेळी आजी हा रिवाज खुंटीला टांगते, आत शिरते आणि मग डोक्यावरून पाणी घेते. आई उंबऱ्याबाहेर उभी राहायची. खिरीची वाटी खाली ठेवायची, मान लांब करून दुपट्यात दिसेल तेवढं बघायची आणि निघून जायची. काकूंनी साऱ्या आळीत सांगितलं, "लेकीच्या बाळंतपणातसुद्धा मोडलं नाही हो!"

दहा दिवस सरले. घर सारवून, न्हाऊन, गोमूत्र शिंपडून झालं. आता रिवाजाची आडकाठी नव्हती. ताईने बाळ पुढे केलं. आई म्हणाली, "थांब, वरण उतू जाईल." संध्याकाळी म्हणाली, "माझं अंग ओलं आहे गं." दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाहुणे यायचे होते, त्यामुळे तिला सबबींचा तोटा नव्हता. मी ताईकडे बघत होते. तिचे ओठ आवळत चालले होते.

बारशाच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "मुलगी झाली म्हणून करतेय ना ती असं?"

"अगं नाही!"

"मग काय? सासूबाईसुद्धा आल्या आल्या घेतील तिला. माझ्या आईला माझं पोर नकोय. बारसं झालं की मी आजच त्यांच्याबरोबर चाकणला जाते. आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही."

ती ठेवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही दोघी एकाच मुशीतल्या. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली, डॉक्टर काय म्हणाले तेही, पण तिने ऐकून न घेता बाळाला उचललं आणि थेट मोरीच्या दाराशी गेली. आई राख लावत होती.

"सांग मला," ताई म्हणाली. "मुलगी म्हणून?"

आईचे ओठ थांबले. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी पहिल्यापासून सुरू करणार. पण तिने हात तसेच हवेत धरले. कोपरापर्यंत राख आणि मधून मधून लाल चिरा.

"मुलगी म्हणून?" ती म्हणाली. "अगं, माझ्या हाताला काहीतरी लागलेलं असतं. भांड्याचा कळक असतो, पालीचं काही असतं. दिसत नाही, पण जात नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला खपेल. ती एवढीशी. मी घेतलं, तिने माझं बोट तोंडात घातलं आणि तिला काही झालं तर?" मग ती रडायलाच लागली. "मला कळतं गं हे खरं नाही. कळून काय उपयोग? मला वेड लागलंय का गं?"

सबंध आळीला वाटत होतं की आई जगाच्या विटाळापासून स्वतःला जपते. मलाही तेच वाटत होतं. तिला भीती आमची नव्हतीच. स्वतःच्या हातांनी आमचं काही वाईट होईल, या भीतीने ती वर्षानुवर्षं तिथे बसत होती, आणि लोक तिच्या पाया पडत होते. मला त्या क्षणी काकूंचा, बाबांचा, माझा, सगळ्यांचा संताप आला.

ताईचा राग कुठच्या कुठे गेला. ती मोरीच्या ओल्या कट्ट्यावर तशीच बसली, नव्या लुगड्यानिशी.

"वेड नाही लागलेलं," ती म्हणाली. "पण तू तिला आज घ्यायचंस. धुऊन झालं असं वाटलं नाही तरी घ्यायचंस. काही झालं तर मी आहे. मी आई आहे तिची, मी सांगते."

आईने तांब्या पुढे ओढला. माजघरात बाबा आणि दादा सगळं ऐकत उभे होते. तिचं धुणं पुढेही कधी पुरतं सुटलं नाही, हे इथेच सांगून टाकते. कधी कमी व्हायचं, कधी भारी व्हायचं, आणि दादाचे डॉक्टर बदलीवर गेल्यावर विचारायलाही कोणी उरलं नाही.

दुपारी बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची परात, काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर. बारशाला बाळ पाळण्याच्या वरून एकीने द्यायचं आणि खालून दुसरीने घ्यायचं असतं. वरच्या बाजूला ताई उभी राहिली. पलीकडे ताईच्या सासूबाई पुढे होऊ लागल्या, तेवढ्यात बाबा, जे बायकांच्या घोळक्यात कधी येत नसत, दारातून मोठ्याने म्हणाले, "थांबा. आजी घेईल." आणि माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघून हळूच मान हलवली.

आई आली. पाळण्याखालून तिने हात पुढे केले. मी आपली बाजूला जाऊन उभी राहिले, न जाणो. ताईने बाळ दिलं. आईने घेतलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बायका एकमेकींना म्हणत होत्या, पहिलं नातवंड ना, आनंद मावत नाहीये बिचारीच्या पोटात. ताईला, दादाला, बाबांना आणि मला दिसत होतं, ती किती भ्यायली होती ते. पण तिने बाळाला छातीशी धरलं, पाळणा गाऊन संपेपर्यंत धरून ठेवलं आणि मग ताईकडे परत दिलं.

आणि ती लगबगीने मोरीत गेली. आतून तांब्याचा आवाज यायला लागला. ताईचा चेहरा उतरला. मी घुगऱ्या वाटत होते, पण कान तिकडेच. बाबा मोरीबाहेर भिंतीला टेकून उभे होते. ते आत गेले नाहीत, नुसते उभे राहिले. काकूंची घुगऱ्यांनी दोनदा ओटी भरून झाली, पाहुण्या बायका चपला शोधायला लागल्या, तेव्हा कुठे तांब्याचा आवाज थांबला. आई बाहेर आली. हात ओलेच होते. ती बायकांमधून वाट काढत सरळ ताईसमोर येऊन उभी राहिली.

"दे," ती म्हणाली. "पुन्हा दे."